मिंगेलकडची लांब शेवई

इंदू,

मला रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या सगळ्या रडल्या. गिरिजा तर बोर्डवर बसल्या बसल्या रडली आणि हुबळी मागणाऱ्या पार्टीला तिनं धारवाड लावून दिलं. तू गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी पूर्ण ड्यूटी केली. कान ऐकत होते, हात कॉर्ड लावत होते, तोंड ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का’ म्हणत होतं. आत काही हलत नव्हतं. अजून हललेलं नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालंय. कुणाला वाटलं असेल, ही शालन दगड आहे. वाटू दे.

आपल्या कर्मचाऱ्यांच्या अंकात तुझ्यावर एक पान छापायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. ‘तू बी.ए. आहेस की, तूच बरी,’ गिरिजा म्हणाली. मी लिहून दिलं. जन्म कुठला, नोकरीला कधी लागली, मागं नवरा, सासू आणि एक मुलगी. स्वभाव हसतमुख. लिहून झाल्यावर वाचून बघितलं तर त्यात तू कुठंच नव्हतीस. म्हणून हे दुसरं लिहायला बसले. यात तुझा जन्म नाही, नोकरी नाही. यात मिंगेलची खानावळ आहे आणि माझा डबा आहे. आपल्या दोघींमध्ये जे काय होतं ते त्या दोन जागीच होतं.

मी निपाणीहून बेळगावला आले तेव्हा तू आधीच जुनी झाली होतीस. माझी आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हते. तू मॅट्रिक. नंदगडच्या अलीकडच्या खेड्यातली, घरची शेती, लग्न होऊन शहापुरात आलेली. पहिल्या दिवशी मी हेडसेट घालून अगदी पुस्तकातलं इंग्रजी बोलत होते, हळू, एकेक शब्द. तू शेजारच्या बोर्डवरून ओरडलीस, ‘अगं, एवढ्या आवाजात मद्रासला ऐकू जाईल व्हय? घशातनं काढ की!’ मला राग आला. तासाभरानं एक व्यापारी मला कानडीत शिव्या घालायला लागला, तेव्हा तू माझी कॉर्ड काढून स्वतःच्या बोर्डला लावलीस आणि त्याला त्याच्याच भाषेत असं काही सुनावलंस की तो ‘सॉरी आक्का’ म्हणाला. मग राग गेला.

पहिल्या महिन्यात मला घरची फार आठवण यायची. आमच्याकडं कुठला फोन? तू एक दिवस दुपारी लाइन मोकळी बघून निपाणीच्या बोर्डवरच्या मुलीला सांगितलंस. तिनं वखारीच्या ऑफिसात फोन लावला. तू दिवाणजीला म्हणालीस, ‘एक्स्चेंजमधनं बोलतेय, शालनच्या आईला बोलवा, अर्जंट आहे.’ तुझा आवाजच असा होता की कुणी नाही म्हणायचं नाही. आईनं जन्मात पहिल्यांदा फोन कानाला लावला. ती इतकी मोठ्यानं ओरडली की मला हेडसेट लांब धरावा लागला. ‘जेवलीस का गं?’ एवढंच ओरडली, तीन वेळा. हे सगळं नियमाबाहेरचं होतं. सापडली असतीस तर नोकरीवर आलं असतं. तू म्हणालीस, ‘आई हाय म्हणून बोलूलालीस. नसल्यावर काय करशील?’

हे मी विसरले नाही. आता पुढचं लिहितेय, तेही हे विसरून नाही.

साडेबाराला आपण जेवायला बसायचो. ते लांब टेबल, त्यावर पेपर पसरायचा, डबे उघडायचे. झाकणं उलटी करून समोर ठेवायची आणि एकमेकींच्या झाकणात वाढायचं. तू माझ्या झाकणात भरपूर वाढायचीस. कारल्याची भाजी, सणाला पोळी, तुझ्या मंजूच्या वाढदिवसाचा शिरा. गिरिजाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तू न विचारता घ्यायचीस. गिरिजा कुणाचंच घेत नव्हती. लिंगायत, तिचं सोवळं सगळ्यांना सारखं, त्यामुळं तिचा मला कधी राग आला नाही. पण तू सगळ्यांचं घ्यायचीस, इंदू. माझ्या डब्यापाशी तुझा हात वळून जायचा. कधी ‘पोट भरलं’, कधी ‘आज गुरुवार’. आम्ही बौद्ध आहोत हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लपवायचं काय त्यात?

वर्षभरानं मी खोली घेतली आणि आईला बेळगावला आणलं. ती आली त्या दिवशी तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘मला फोनवर बोलीवलेली ती पोरगी कुठाय?’ दुसऱ्या दिवशी डब्यात दोन भाकरी होत्या. ज्वारीच्या, मोठ्या, तव्याएवढ्या. एक माझी आणि एक तुझी. वर अंबाडीची भाजी. संध्याकाळी आईनं विचारलं, ‘खाल्ली का गं तिनं माझी भाकरी?’ मी म्हटलं, ‘खाल्ली की. उद्या परत मागितलीय.’

असं तोंडातून निघून गेलं. नंतर मागं घेता येईना. आई रोज दोन भाकरी थापायची आणि मी रोज ‘खाल्ली’ म्हणायचे. दुसरी भाकरी मी टेबलावर काढायचेच नाही. साडेतीनला ड्यूटी सुटली की बस स्टॉपवर उभी राहून खायचे, कारण टाकवत नव्हती आणि घरी परत नेता येत नव्हती. तू दोनदा तीनदा बघितलंस. ‘परत खातीस? लई खातीस गं तू शालन, फुगूलालीस बघ.’ मी हसायचे. ती तुझी भाकरी होती, इंदू. हे मी तुला सांगितलं नाही. आठ वर्षांत नाही.

मिंगेलला शोधून काढलंस तूच. आवाजावरनं. कॅम्पातून एक म्हातारा दर मंगळवारी मडगावचा कॉल बुक करायचा आणि बहिणीकडं शेवयांच्या पेट्या मागायचा. ‘हा माणूस एवढ्या शेवयांचं करतोय काय गं?’ तुला राहवेना. पार्टीशी गप्पा मारायच्या नाहीत हा नियम, पण लाइन लागेपर्यंत तू विचारलंसच. तो म्हणाला, वीस वर्षं बोटीवर होतो, एका इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली. आता कॅम्पात चार टेबलं मांडलीत. बाय, एकदा मैत्रिणींना घेऊन ये. महाग नाही.

एका शनिवारी दोनला सुटून आपण तिघी चालत गेलो. तू, मी आणि गिरिजा. तोवर मी हॉटेलात गेले होते ते भावाबरोबर, तेही चहाला. तीन बायका आपल्या आपण जेवायला निघाल्यात हेच मोठं होतं. गिरिजानं पदर डोक्यावरून घेतला होता, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून. जुन्या बंगल्याचा व्हरांडा, पुढं बांबूचा पडदा, भिंतीवर बोटीचा फोटो, आणि दारात पाटी: ‘इटालियन मील्स रेडी’. खाली कानडीतही तेच. तू पाटी वाचून म्हणालीस, ‘मील्स म्हणजे सारू-भात असणार बघ. नाव बदललंय नुसतं.’

गिरिजानं बसायच्या आधी विचारलं, ‘अंडा-गिंडा नाही ना री?’ ताट आल्यावर परत विचारलं. मिंगेल तिच्यापुढं वाकून म्हणाला, ‘भिवूं नाका, बाय. टोमॅट, कांदो, लसूण. दुसरें कांय ना.’

आणि तू ताटाकडं बघून टाळी वाजवलीस. ‘अगं बाई! ह्या तर शेवया! लाल कशानं केल्यात?’ मग त्याला म्हणालीस, ‘मिंगेलबाब, गूळ न्हाय व्हय तुमच्याकडं? आन् वाटीभर दूध?’

‘गूळ?’

‘शेवयांवर घालायला. नुसत्या कशा खायच्या?’

तो स्टुलावर बसला. कपाळाला हात लावला. ‘बाय, माझो कॅप्टन हांगा असतो तर तुका समुद्रात फेकून दिली असती.’ पण आत जाऊन खरंच गुळाचा खडा घेऊन आला. तू तो ताटाच्या कडेला ठेवलास आणि खाल्ला नाहीस. त्याचा मान ठेवलास.

वर किसलेलं चीज होतं, डब्यातलं. गिरिजा म्हणाली, साबणाचा वास येतोय, आणि तिनं ते बोटानं बाजूला केलं. काटा कुणालाच जमेना. गिरिजाचा दोनदा खाली पडला. मी पाच मिनिटं बघितलं, काटा बाजूला ठेवला आणि हातानं जेवायला लागले.

‘बी.ए. झालीस आन् हातानं?’ तू म्हणालीस.

‘कॉलेजात काटे शिकवत नाहीत.’

तू मात्र हट्टानं काटा फिरवत राहिलीस, मिंगेल दाखवायचा तसा, बशीला टेकवून, हळू. आणि तुला जमलं. तुझं ताट आधी संपलं. तुला एवढा आनंद झाला होता की तू ‘बघ, बघ, आलं मला!’ म्हणत काटा माझ्या ताटात घातलास. फिरवलास. उचललास. एक शेवई सुटेना. तिचं एक टोक तुझ्या तोंडात आणि दुसरं माझ्या ताटात, माझ्या बोटांपाशी. तू ओढायला लागलीस. ती टेबलावरून, पाण्याच्या ग्लासाला घासून, पडदा ओढावा तशी तुझ्याकडं निघाली, आणि शेवटचं टोक सटकन येऊन तुझ्या नाकाला लागलं. लाल ठिपका. गिरिजा खो खो हसली. मग एकदम हसायची थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग ताटाकडं.

तुझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तू नाक पुसत होतीस. माझं उष्टं ताट, मी हातानं कालवलेलं, आणि त्यातली हातभर शेवई तुझ्या पोटात गेली होती. माझी बोटं ताटात तशीच राहिली. पुढचा घास कधी उचलला ते मला आठवत नाही.

खूश व्हायला पाहिजे होतं मी. झालेही होते, थोडी. पण गिरिजा तिच्या बसला गेली आणि आपण दोघी चालायला लागलो, तसा तो आनंद रागासारखा वर यायला लागला.

‘इंदू, आज माझ्या ताटातलं खाल्लंस.’

‘व्हय, मग? तुझं जास्त गरम होतं.’

‘उष्टं होतं माझं.’

‘असू दे की.’

‘मग माझा डबा?’

तू थांबलीस. मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती, तरी थांबलीस. ‘डब्याचं काय?’

‘एवढ्या वर्षांत एक घास तरी घेतलास का?’

तू रिक्षावाल्याकडं एकदा बघितलंस. मग म्हणालीस, ‘अगं, हे इटलीचं होतं. तिथं कोण कुणाचं बघतंय?’

हे वाक्य मी किती दिवस चघळलं असेल. तू वाईट मनानं बोलली नव्हतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. तू जे होतं ते सांगितलंस. पुढं म्हणालीस, ‘सासूबाई रोज विचारतात. काय खाल्लंस, कुणाचं खाल्लंस. मला खोटं बोलाय येत न्हाय बघ.’

‘आज काय सांगणार?’

‘शेवया खाल्ल्या म्हणणार.’

आणि आपण दोघी हसलो. काय करणार? भर रस्त्यात, रिक्षावाला शिव्या देतोय आणि आपण हसतोय. तुला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मी मात्र घरी जाऊन ‘खाल्ली की’ म्हणणार होते.

त्यानंतर तीन वर्षं, महिन्यातनं एका शनिवारी, ‘चल, इटलीला जाऊ’ म्हणून तू मला न्यायचीस. गिरिजा कधी यायची, कधी नाही. तू नेहमी माझ्या ताटातलं खायचीस. मी मुद्दाम थोडं जास्त ठेवायचे. कधी मिंगेल ‘आज मॅकरोनी’ म्हणायचा आणि तू ‘ह्या तुटक्या शेवया नकोत’ म्हणून त्याला पिडायचीस. तिथल्या खुर्चीवर बसलं की तू वेगळीच व्हायचीस. मीही व्हायचे. आणि परत येताना त्याच रस्त्यावर तेच भांडण.

‘घरी बोलीव की मला. येते. तुझ्या आईच्या हातचं खाते.’

‘घरी कशाला? डबा टेबलावर असतो रोज.’

‘टेबलावर सगळी बघतात गं.’

‘तेच म्हणतेय मी.’

घरी बोलावलं असतं तर तू आली असतीस. आता वाटतं, आई एकदा तुला डोळ्यांनी बघायला आसुसली होती, तिच्यासाठी तरी बोलवायला पाहिजे होतं. पण मला चोरून जेवलेली पाहुणी नको होती. मला साडेबाराचं टेबल पाहिजे होतं, सगळ्यांसमोर. मी बरोबर होते, इंदू. आजही मला तसंच वाटतं. फक्त बरोबर असून आता त्याचं काय करायचं ते कळत नाही.

गेल्या वर्षी मिंगेलची नजर कमी झाली आणि त्यानं मडगावला बहिणीकडं जायचं ठरवलं. त्यानं शेवटचा मडगावचा कॉल तुझ्याकडंच बुक केला आणि म्हणाला, ‘बाय, हो निमाणो. शेवटचो.’ आपण भेटायला गेलो तेव्हा टेबलं गेली होती. पडदा तेवढा होता. त्यानं आपल्याला एकेक काटा दिला, आठवण म्हणून. माझा मी घरी खिळ्याला अडकवला. आई त्यावर कंगवा ठेवते. तुझा तू पर्समध्ये ठेवलास.

आणि त्यानंतरचा तो सोमवार. त्याचं मला लिहायचं नव्हतं, पण हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय.

टेबल भरलेलं होतं. सुपरवायझर मॅडमसुद्धा त्या दिवशी आपल्यात बसल्या होत्या. मी डबा उघडला. अंबाडी होती. तू समोर बसली होतीस. तू पर्समधून तो काटा काढलास, पदरानं पुसलास आणि सगळ्यांच्या देखत माझ्या डब्याकडं हात लांब केलास. हसत होतीस. तुझे कान लाल झाले होते, ते मी बघितलं.

मी झाकण लावलं.

काट्याचं टोक झाकणावर टणकन वाजलं. सगळ्यांनी वर बघितलं.

‘काट्यानं नाही,’ मी म्हटलं. ‘हातानं घे. नाहीतर राहू दे.’

मला वाटलं, काटा मधे आहे म्हणून तुला जमतंय. हात लावायचा नाही म्हणून काटा. मला तेवढंच दिसलं. तू टेबलावर आलीस, सगळ्यांसमोर आलीस, घरी सासूला खरं सांगायची तयारी करून आलीस, हे दिसलं नाही. काटा मिंगेलचा होता. तुझ्याजवळ तेवढं एकच धैर्य होतं, आणि ते तू पुसून आणलं होतंस.

तू म्हणालीस, ‘लई माज गं तुला बी.ए.चा,’ आणि काटा परत पर्समध्ये ठेवलास. तुझ्या डब्यातली मेथी माझ्या झाकणात वाढायला हात पुढं केलास, पण झाकण तर लागलेलं होतं. मग मेथी तू गिरिजाला दिलीस. ती घेत नाही हे विसरून.

दोन दिवसांनी आपण परत नीट बोलायला लागलो. त्या गोष्टीवर नाही. मला वाटलं, एखादा महिना जाऊ दे, मग बघू. त्या महिन्यातच तुझे डोळे पिवळे झाले.

दवाखान्यात भेटले तेव्हा तुला उसाच्या रसाशिवाय काही चालत नव्हतं. तू म्हणालीस, ‘शालन, मिंगेलच्या शेवया खाव्याशा वाटाय लागल्यात गं.’ आणि खरं सांगू? तुझा हात माझ्या हातात होता, हाडं लागत होती, आणि माझ्या मनात आलं, अजून शेवयाच म्हणते ही, माझ्या आईची भाकरी म्हणत नाही. एवढी मी कोती. मी म्हटलं, ‘बरी हो, मडगावला जाऊ.’ तू म्हणालीस, ‘ट्रंक कॉल लावून विचार आधी, हाय का तो.’ ते शेवटचं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी गिरिजा म्हणाली, इंदूच्या घरी चूल पेटलेली नाही, आपण एकेक डबा नेऊ. मी घरी आईला सांगितलं. तिनं पीठ काढलं. भाकरी थापायला बसली. पिठलं केलं, आणि वेगळ्या कप्प्यात अंबाडी. शहापुरातल्या तुझ्या बोळात दोन्ही बाजूंनी विणकरांचे माग वाजत होते. मला उगाच वाटलं होतं, ते बंद असतील. तुझ्या सासूबाईंनी गिरिजाचा डबा हातात घेतला. मला म्हणाल्या, ‘ठेव तिथं.’ मी पायरीवर ठेवला. मंजू दाराआडून बघत होती. तुझं नाक आहे तिला.

तेरावा झाल्यावर तुझा नवरा कागदांवर सह्या करायला एक्स्चेंजमध्ये आला. जाताना पिशवीतून डबा काढून माझ्यापुढं ठेवला. घासलेला, रिकामा. मी तो हातात घेतला. रिकामा डबा खाऊनही होतो आणि गाईपुढं ओतूनही होतो. आठ वर्षं मी असले प्रश्न मनात ठेवून चालत होते. त्या दिवशी माझ्यात रागही नव्हता, भीतीही नव्हती. काहीच नव्हतं. म्हणून विचारता आलं.

‘दाजी, एक विचारू? कुणी खाल्लं हे?’

ते जमिनीकडं बघत होते. ‘आईनं न्हाय खाल्लं. खोटं कशाला सांगू? मी खाल्लं. मंजूनं अर्धी भाकरी खाल्ली. उरलेलं सांजच्याला मीच संपीवलं.’ मग पिशवीची घडी घालत म्हणाले, ‘तुमची अंबाडी लई भारी असती म्हणायची ती.’

‘तिनं कधी खाल्ली नव्हती, दाजी.’

‘न्हाय खाल्ली. वास यायचा म्हणायची. टेबलावर.’

ते गेले. मी बोर्डवर जाऊन बसले. कोल्हापूरचा कॉल लागत नव्हता, तो लावला.

एवढंच विचारायचं होतं. एक वाक्य. तुला विचारलं असतं, ‘इंदू, तुला खावंसं वाटतं का गं?’ तर तू व्हय म्हणाली असतीस. तुला खोटं येत नव्हतं. मी नेहमी ‘का खात नाहीस’ एवढंच विचारत राहिले.

घरी गेल्यावर आई डब्याकडं बघून म्हणाली, ‘खाल्लं?’

मी म्हटलं, ‘तिच्या नवऱ्यानं खाल्लं. पोरीनं अर्धी भाकरी खाल्ली. सासूनं नाही खाल्लं.’ आणि मग बाकीचंही सांगून टाकलं. इंदूनं कधीच खाल्ली नाही. एकदाही नाही. मी खोटं बोलत होते.

आई डबा पालथा घालत होती. ‘ठाव हाय मला,’ ती म्हणाली. ‘तुझं अंग सुटाय लागलं तवाच वळीखलं मी.’

‘मग रोज दोन का थापायचीस?’

‘खाईल की कवातरी, म्हणून थापत होतो.’

अजून रडू आलं नाही. आईही रडली नाही. तिनं कंगवा घेतला आणि केस विंचरले.

आज सकाळी मी आईला काही सांगितलं नव्हतं. साडेबाराला डबा उघडला तर आत एकच भाकरी होती. झाकण उलटं करून तुझ्या जागेसमोर ठेवलं आणि जेवले. साडेतीनला ड्यूटी सुटली. बस स्टॉपवर उभी राहिले, सवयीनं पिशवीत हात घातला, आणि मला भूक लागली, इंदू.